लोर्नाची कच्ची शिलाई

लोर्ना केस्टरसनचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते एप्रिलच्या शेवटी, फोनवर, आणि त्याच क्षणी ती माझ्या मनातून उतरली. वास्तविक त्या बाईने माझं काहीच वाईट केलं नव्हतं. माझ्या मुलीच्या टाचांना फोड आले होते आणि लोर्नाने ते बघितले होते, एवढंच.

"लोर्ना म्हणते, फोड फोडायचा नाही. सुईने त्यातून दोरा ओवून ठेवायचा," ब्रिटा म्हणाली.

"अगं, हे तू पाचवीत होतीस तेव्हा मीच तुला सांगितलं होतं."

"हो? मला नाही आठवत. पण लोर्नाची सुई वेगळी असते."

ब्रिटा चोवीस वर्षांची. तीन उन्हाळे तिने जमिनीवरच्या तुकडीत आगी विझवल्या होत्या, हातात कुदळ घेऊन. त्या वर्षी तिची जंपरांच्या तळावर निवड झाली. जिथे रस्ता जात नाही अशा डोंगरात वीज पडून आग लागली की हे लोक विमानातून पॅराशूट घेऊन उतरतात, आग लहान असतानाच तिला घेरतात, आणि मग पन्नास किलोचं ओझं पाठीवर मारून चालत रस्त्याला लागतात. आमच्या टॅमरॅक फॉर्क गावापासून तळ चाळीस मैलांवर. पोरगी जवळ राहील म्हणून ऑरिन खूश झाला. ऑरिन माझा नवरा, लाकडाचा ट्रक चालवतो, आणि जे सांगितलं जातं त्यावर विश्वास ठेवतो.

नव्यांचं प्रशिक्षण पाच आठवड्यांचं. चौदा जण घेतले होते. ती नापास व्हावी अशी माझी मनापासून इच्छा होती. मी हे कोणाला बोलले नाही. फोनवर मी "शाब्बास" म्हणायचे आणि ठेवल्यावर मोजायचे, अजून किती दिवस. दुसऱ्या आठवड्यात तिघे गेले, तिसऱ्यात दोघे. ब्रिटा राहिली. प्रत्येक फोनमध्ये "लोर्ना म्हणते" होतंच. लोर्ना म्हणते पडताना गुडघे जुळवायचे. लोर्ना म्हणते सकाळी अंडी खायची, पॅनकेक नाही. लोर्ना म्हणते मी डावीकडे झुकते, लहानपणी कधीतरी उजवा घोटा दुखावला असेल.

"सात वर्षांची असताना," मी म्हणाले. "कोंबड्यांच्या खुराड्यावरून पडलीस. मी तुला उचलून तीन मैल डॉक्टरकडे नेलं."

"तेच! लोर्नाने नुसतं चालताना बघून ओळखलं!"

मी तीन मैल चालले होते, आणि शाबासकी ओळखणारीला.

जूनमध्ये शेवटच्या सरावाच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. मी हकलबेरीचे, म्हणजे डोंगरातल्या जांभळ्या बेरींचे, दोन गोड ‘पाय’ भाजून नेले. लोर्ना म्हणजे कोणी उंचपुरी, देखणी बाई असेल अशी माझी समजूत होती. समोर आली ती एकोणपन्नास वर्षांची, बुटकी, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, केस बहुधा स्वतःच कापलेले. तिने माझ्या हातातली पायची थाळी घेतली, खिशातला चाकू काढला आणि तिथेच उभ्याउभ्या एक तुकडा कापून तोंडात टाकला.

"टॉलेफसनबाई, कवच मस्त. ब्रिटा सांगत नव्हती तुम्ही इतकं चांगलं करता."

ब्रिटा सांगत नव्हती.

मग तिने आम्हाला शिवणघर दाखवलं. मी अशी जागा आयुष्यात पाहिली नव्हती. लांबलचक दालन, छतापासून टांगलेली पॅराशूटं, आणि भिंतीलगत ओळीने शिवणयंत्रं. त्यांच्यापुढे दाढीवाले, मनगटं खांबासारखी असलेले पुरुष बसून मान खाली घालून शिवत होते. जंपर आपल्या पिशव्या, आपले कपडे, आपले पट्टे स्वतःच शिवतात, स्वतःच दुरुस्त करतात. आणि चौथ्या यंत्रावर माझी ब्रिटा.

इथे एक सांगायला हवं. मी बावीस वर्षं गावातल्या मुलांना शिवण शिकवते. जिल्ह्याच्या जत्रेत शिवणकामाची परीक्षक मीच असते. माझ्या हाताखालच्या तेरा मुली राज्यपातळीवर गेल्या. ब्रिटाने मात्र अकराव्या वर्षी आपला अर्धवट एप्रन ओढ्यात फेकला होता आणि म्हणाली होती, "हे म्हाताऱ्यांचं काम आहे." त्यानंतर तिने सुई हातात धरली नाही. आणि आता ती जीभ किंचित बाहेर काढून जाड कापड सरकवत होती, आणि लोर्ना तिच्या मागे उभी राहून म्हणत होती, "ए कच्च्या लिंबा, पाय हलका ठेव. घोडा आहे का तो?"

"म्हातारा घोडा आहे, तुझ्यासारखा," ब्रिटा म्हणाली.

दोघी हसल्या. इतक्या मोठ्या बाईला ती अगंतुगं करत होती आणि त्या बाईला ते आवडत होतं.

मी जवळ जाऊन शिवण पाहिली. टाके लांब, दोरा भडक. मी न राहवून म्हणाले, "थोडी बारीक टीप घातलीस तर शिवण जास्त टिकेल."

"काही शिवणी टिकायच्या असतात, काही सुटायच्या," लोर्ना म्हणाली. "इथे दोन्ही लागतात." मग सगळ्या आईबापांकडे वळून मोठ्याने, "आणि एक गोष्ट. इथलं सामान कधी घरी आलंच, तर हात लावायचा नाही. धुवायचं नाही, शिवायचं नाही, बटणही लावायचं नाही. आयांनो, खास तुम्हाला सांगतेय!"

सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

त्या दिवशी लोर्नाने ब्रिटाच्या उडीच्या पँटच्या मांडीवरचा खिसाही दाखवला होता. त्यात पन्नास मीटर दोर असतो. जंपर झाडात अडकला की तो दोर बाहेर काढायचा, पॅराशूटच्या पट्ट्यांना बांधायचा, कमरेच्या कड्यांतून ओवायचा आणि खाली सरकायचं. नव्यांकडून हे इतक्या वेळा करून घेतात की झोपेतही बोटं चालावीत. दीड मिनिटात झालं पाहिजे. ब्रिटाला एक मिनिट दहा सेकंद लागायचे. अर्थातच हे मला लोर्नाने सांगितलं.

चौदातले नऊ उरले, त्यात ब्रिटा. कधी कधी ती जेवायला यायची, तेव्हा ताटापेक्षा लोर्नाच जास्त वाढली जायची. तिची सगळी कहाणी मला अशी न मागता मिळाली. राज्याच्या पूर्वेकडची, जिथे दहा मैलांत सावलीपुरतंही झाड नाही अशा गव्हाच्या शेतावरची मुलगी. बापाने पोरगा नाही म्हणून तिलाच पोरगा केलं. मळणीयंत्राचे पट्टे, घोड्यांची खोगिरं, धान्याची ताडपत्री शिवता शिवता सुई शिकली. अठराव्या वर्षी आईशी भांडून घर सोडलं, ते पुन्हा गेलीच नाही. डोंगरात पायवाटा करणाऱ्या मजुरांना रांधून घालत होती, तिथून आगीवर, तिथून विमानात. पहिल्या हंगामात पुरुषांनी तिच्या बुटात सरस ओतला, तर तिने रात्रीतून त्या सगळ्यांच्या पँटचे पाय एकमेकांना शिवून टाकले. दोनदा पाय मोडला, खांद्यात धातूची पट्टी आहे. लग्न नाही. तळामागे एका फिरत्या घरात राहते, हिवाळ्यात दक्षिणेला जाऊन तंबू शिवते.

"आणि दर हंगामात एका नव्या पोरीची आई बनून दाखवते," मी म्हणाले.

ब्रिटाने काटा खाली ठेवला. "ती कोणाची आई बनत नाही. म्हणून तर तिच्याशी बोलता येतं."

ऑरिन म्हणाला, "बटाटे छान झालेत."

जुलैच्या शेवटी आमच्याच खोऱ्यावरच्या कड्यावर आग लागली. अंगणातून मी दुर्बिणीने विमान बघितलं. आधी कागदाच्या रंगीत पट्ट्या पडल्या, वारा बघायला. मग दोन दोन करून आठ ठिपके. त्यातला कुठला माझा ते कळत नव्हतं म्हणून मी आठही मोजत बसले. तीन दिवसांनी ती ओझं घेऊन रस्त्याला लागली. लोर्ना ट्रक घेऊन न्यायला आली होती. आमच्या फाटकापाशी थांबून तिने ब्रिटाला उतरवलं.

"आज घरी झोप. सकाळी सातला उचलते," ती म्हणाली, आणि मला, "टॉलेफसनबाई, तिला खायला घाला, पण प्रश्न विचारू नका. झोपू दे."

माझ्या घरात माझ्या मुलीला काय करायचं ते ही सांगणार.

ब्रिटा दुपारी चार वाजता झोपली, तोंडावर काजळी तशीच. तिची पिशवी मागच्या दारात पडली होती. तिच्यातून धुराचा, घामाचा, करवतीच्या तेलाचा वास येत होता. मी ती उघडली ती फक्त कपडे उन्हात टाकायला. पँट झटकली, काटेकुटे काढले. तेव्हा मला ते दिसलं. मांडीच्या त्या खिशाच्या बाजूला हातभर नव्हे पण वीतभर शिवण उसवली होती, आणि कोणीतरी लाल दोऱ्याने चार लांबलांब टाके मारून ती कशीबशी जुळवली होती. खिसा रिकामा होता, दोर बाहेर काढून वेगळा ठेवलेला. चारच टाके, आणि तेही कच्चे! ओढले असते तर हातात आले असते. माझ्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या मुलीने असं केलं असतं तर मी उसवायला लावलं असतं.

हीच का ती लोर्ना, जिच्या हाताखाली माझी पोर शिकते? हेच का ते वेगळ्या सुईचं काम?

हात लावायचा नाही हे मला आठवत होतं. स्पष्ट आठवत होतं. मी विसरले असते तर गोष्ट वेगळी होती.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उजेडात बसले. लाल दोरा काढून टाकला. कापडाच्या रंगाचा, मेण लावलेला गादीचा दोरा घेतला आणि इंचाला बारा टाके अशी दुहेरी उलटी टीप घातली, गाठ आत लपवून. एक तास लागला, दोन सुया मोडल्या. झाल्यावर शिवण कुठे आहे हे मलाच सापडेना. इतकं समाधान मला जत्रेतल्या कुठल्याही बक्षिसाने दिलं नव्हतं. वाटलं, एक दिवस लोर्नाची नजर जाईल, आणि तिला कळेल.

सातला ट्रक आला. ब्रिटाने पिशवी उचलली, माझ्या गालाला गाल लावला आणि गेली.

ती उसवलेली शिवण नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. ब्रिटा लहानखुरी, तिच्या मांडीवर पॅराशूटचा पट्टा नेमका खिशाच्या झाकणावर येई आणि झाडात लटकल्यावर, सगळा भार त्या पट्ट्यावर आल्यावर, झाकण उघडेना. सरावात हे लोर्नाच्या लक्षात आलं. तिने बाजूने चीर दिली आणि ती ओढताच तुटेल अशा कच्च्या दोऱ्याने बंद केली. लाल दोरा, म्हणजे उडीपूर्वी तपासणाऱ्याला दिसावा. वरिष्ठांना विचारलं नव्हतं. अर्ज केला असता तर उत्तर यायला पुढचा हंगाम उजाडला असता.

त्यानंतर ब्रिटाने दोन उड्या मारल्या, दोन्ही मोकळ्या कुरणात. तिसरी ऑगस्टच्या एकोणीस तारखेला. भोंगा वाजल्यावर दोन मिनिटांत कपडे चढवायचे असतात. त्या दिवशीही, आधीसारखंच, तिला तपासलं दुसऱ्या एका नव्यानेच; लाल दोऱ्याचं त्याला माहीत नव्हतं. लोर्ना विमानाच्या दारापाशी होती, वारा बघून उडी सोडायला. वाऱ्याचा झोत आला आणि ब्रिटा एका मेलेल्या लार्चच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन अडकली, जमिनीपासून वीस मीटर. बोटं शिकवल्याप्रमाणे खिशाच्या बाजूला गेली. तिथे चीर नव्हती. ती अंगठ्याने चाचपत राहिली, ओढत राहिली. शेवटी चाकूने कापायला घेतलं, ते कापड चाकूला दाद देत नाही. सात मिनिटांनी दोर बाहेर आला. ती निम्मी खाली आली आणि इतका वेळ तिचा भार पेललेला वरचा वाळका शेंडा मोडला.

घोटा दोन ठिकाणी मोडला, तीन फासळ्या. तोच लहानपणीचा घोटा, उजवा. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे प्लॅस्टर. पहिला हंगाम पुरा झाला नाही की पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून.

आम्ही तिला घरी आणलं. तिसऱ्या दिवशी लोर्ना आली. तिच्या हातात ती पँट होती, खिशाकडचा भाग कापून घेतलेला. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. मी दारात, हातात सुपाचा वाडगा.

"तो टाका मी बदलला," लोर्ना म्हणाली. "कच्चा टाका वारंवार सुटत होता म्हणून पक्का घातला. तुला सांगायचं राहिलं."

ब्रिटाने आधी त्या पँटकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहिलं?"

"राहिलं."

"तू आम्हाला सांगतेस, सामानाला हात लावलास तर ज्याचं सामान त्याला सांग. सांगितल्याशिवाय जेवू नकोस. आणि तुझं राहिलं?"

"हो."

"मी तिथे लटकत होते, लोर्ना. मला वाटलं माझ्याच हाताला काहीतरी झालंय. मला वाटलं मी घाबरून विसरले. सात मिनिटं मी स्वतःला शिव्या देत होते!"

"माहीत आहे."

"जा तू. जा ना!"

लोर्ना माझ्या बाजूने निघाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्या मागे अंगणात गेले. वाडगा हातातच होता.

"तुम्ही ओळखलंत," मी म्हणाले.

"इंचाला बारा. आमच्याकडे एवढा वेळ कोणाला आहे?" तिने ट्रकचं दार उघडलं. "सुंदर काम आहे. कापताना माझी कात्री बोथट झाली."

"मग खोटं का बोललात?"

"तिला सहा आठवडे तुमच्या हातचं खायचंय. माझ्यावर रागावली तर निदान जेवेल. तुमच्यावर रागावली तर मोडक्या पायाने निघून जाईल. मी गेले होते ना, माझे तर पाय धड होते. आई गेली तेव्हा मी एका आगीवर होते, आठ दिवसांनी कळलं." ती आत बसली. "आणि चीर मी दिली होती, परवानगी न घेता. अगदीच खोटं नाही. आत जा, सूप गार होईल."

मी तिचे आभार मानायला हवे होते. पण मला वाटलं ते हे, की बघा, माझा गुन्हासुद्धा हिने उचलून नेला, आणि माझ्यापेक्षा चांगला वागवला.

पुढचे अकरा दिवस मी सुखात होते. ब्रिटा दिवाणखान्यात, पाय उशीवर. मी तिचे केस धुतले. वेणी घातली. ती लहानपणी खायची तसे पॅनकेक केले आणि तिने खाल्ले, अंडी मागितली नाहीत. बाहेरून तीन माणसं तळावर अपघाताच्या चौकशीला आली आहेत असं ऑरिन गावातून ऐकून आला. लोर्नाकडून पॅराशूट बांधायचा दाखला काढून घेतला, निकाल लागेपर्यंत शिवणघरात पाय टाकायला बंदी, तिला गाड्या धुवायला लावलंय.

"वीस वर्षांची नोकरी बाईची," ऑरिन म्हणाला. "जाते की काय."

मी वाटाणे सोलत राहिले. मनात म्हणाले, गेली तर गेली, चीर तिचीच होती ना.

पण ब्रिटाचं बोलणं थांबलं नव्हतं. फक्त सूर बदलला होता. लोर्ना म्हणायची अमुक, आणि स्वतः बघा! लोर्ना असं कसं करू शकते? लोर्ना तर बुटाची नाडी बदलली तरी सांगते. सकाळी लोर्ना, जेवताना लोर्ना. तिचं नाव घेऊ नकोस असं मला बजावून ती स्वतः तासभर तिच्यावरच बोलायची. डोळ्यांत पाणी आणून बोलायची. माझ्यावर ती आयुष्यात कधी अशी रागावली नव्हती. माझ्यावर ती कंटाळायची.

अकराव्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "इतकी वर्षं मी कोणाचंच ऐकलं नाही. तिचं ऐकलं, आणि तिनेच..."

तो राग माझा होता. मी तो एक तास खिडकीत बसून, दोन सुया मोडून कमावला होता, आणि तो तिला फुकट मिळत होता.

"तो टाका माझा आहे," मी म्हणाले.

ब्रिटाने माझ्याकडे पाहिलं आणि ती चक्क हसली. "आई, तू? तुला तिची दया आली का? राहू दे."

"तू कड्यावरून आलीस त्या दिवशी. तू झोपली होतीस."

"तिने सांगितलं ना की तिचा आहे. लोर्ना खोटं बोलत नाही."

म्हणजे मी बोलते. मी उठले. शिवणाचा डबा आणला, तोच दोरा, तीच जाड सुई. टेबलावरच्या जुन्या कॅनव्हासच्या तुकड्याच्या दोन कडा जुळवल्या आणि तिच्यासमोर बसून तीन बोटं लांबीची टीप घातली. ती आधी वैतागून बघत होती, मग नुसती बघत होती. गाठ आत लपवून मी तुकडा तिच्या हातात दिला.

तिने डोळे मिटले. अंगठा शिवणीवरून फिरवला, एकदा वर, एकदा खाली. मग पुन्हा, नखाने, जसं कोणी बंद दारावर कडी शोधतं तसं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"हाच," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलले, मला तो खिसा फाटका वाटला, मला माहीत नव्हतं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

"तिने बजावलं होतं. तू तिथे होतीस. तू हसली होतीस."

"हो."

"मग का?"

या प्रश्नाला द्यायला माझ्याकडे बरीच उत्तरं होती, काळजीची, आईच्या मायेची. त्यातलं एकही मी दिलं नाही. "तिचा टाका वाईट होता असं तुला दिसावं म्हणून," मी म्हणाले.

ब्रिटाने कुबड्या ओढल्या. "बाबा! गाडी काढ!"

मी आपली गाडी घेऊन त्यांच्या मागून गेले. तळावर पोचले तेव्हा लोर्ना रबरी बूट घालून एका ट्रकवर पाइपने पाणी मारत होती. ब्रिटा तिच्यासमोर कुबड्यांवर उभी होती आणि हातातल्या कॅनव्हासच्या तुकड्याने तिच्या खांद्यावर मारत होती, हळूच, पुन्हा पुन्हा. "खोटारडी. म्हातारी खोटारडी." लोर्नाने पाणी बंद केलं आणि तिला रडू दिलं. मिठी नाही, काही नाही. पाण्याचा पाइप हातात घेऊन ती उभी राहिली, आणि ब्रिटाचं कपाळ तिच्या त्या खाली झुकलेल्या खांद्यावर टेकलं. त्या खांद्याची उंची तिला बरोबर पुरत होती.

मी त्यांना ओलांडून कार्यालयात गेले आणि तो टाका माझा आहे असं चौकशीच्या माणसाला लेखी दिलं. सही केली. बाहेर आले तेव्हा लोर्ना वाट अडवून उभी.

"मी निस्तरलं होतं ना? काय गरज होती?" ती खरंच चिडली होती. "आता ती तुमच्याकडे राहणार नाही."

"माहीत आहे."

"कळत नाही मला तुमचं."

"मला तुमचं कळत नाही," मी म्हणाले. तिला मी हे पहिल्यांदाच तोंडावर बोलले.

लोर्नाला समज मिळाली, परवानगी न घेता चीर दिल्याबद्दल, आणि दाखला परत मिळाला. ब्रिटा घरी आली नाही. तळावरच्या बराकीत राहिली आणि उरलेला हंगाम प्लॅस्टर घालून फोनवर बसली, आगीच्या खबरा घ्यायला. ऑरिन तिचे कपडे देऊन आला. मला निरोप नव्हता.

मी सोळा दिवस वाट बघितली. मग तळाचा नंबर फिरवला, जो सगळ्या खोऱ्याला पाठ आहे.

"जंपर तळ, टॉलेफसन बोलतेय," कामाच्या आवाजात ती म्हणाली.

"जेवलीस?"

पलीकडे रेडिओची खरखर ऐकू येत होती. "ही लाइन आगीसाठी आहे, आई."

"हो. ठेवते."

"आठला माझी पाळी संपते. बराकीच्या फोनवर कर. पाच मिनिटं बोलेन, जास्त नाही."

मी आठ वाजून एक मिनिटाने फोन केला. लोर्नाने उचलला.

"थांबा," ती म्हणाली, "बोलावते तिला."

तिने हाक मारली. "ए कच्च्या लिंबा, आईचा फोन!" शिवणघरातलीच ती हाक, अजून तशीच. मी फोन कानाला लावून थांबले.